काळ्या झग्याची डावी बाही

इथल्या मराठी मंडळाच्या वहिनी दर वर्षी मागे लागतात, "मालनताई, दिवाळी अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा की!" मी दर वर्षी चहा टाकायच्या निमित्तानं आत निघून जाते. माझं शिक्षण चौथी पास. अंकात लिहिणारे सगळे डॉक्टर, इंजिनियर, प्रोफेसर. त्यांच्यात मी कुठे बसू? पण गेल्या महिन्यात जे घडलं ते पोटात मावत नाहीये. अंकाला देईन की नाही ठाऊक नाही. सध्या सुट्टीच्या दिवशी आमचे हे दुपारी झोपले की मी बेसमेंटमध्ये मशीनशेजारी बसून लिहिते आहे.

मी टोरांटोमध्ये कोर्टाचे झगे शिवते. ब्रॅम्पटनहून आधी बस, मग ट्रेन, मग पायी. वकील आणि न्यायाधीश अंगावर जे काळं घालतात ते आमच्या दुकानात तयार होतं. आणि ही गोष्ट आहे एका म्हाताऱ्या आईची. तिला आपल्या लेकीच्या अंगावर न्यायाधीशाचा झगा स्वतःच्या हातानं घालायचा होता, आणि तिचा एकच हात चालत होता.

आधी थोडं कामाबद्दल सांगते. लोकांना वाटतं, झगा म्हणजे काय, काळ्या कापडाला दोन भोकं पाडली की झालं. तसं नाही. मानेमागे चुण्या असतात. वीतभर जागेत ढीगभर कापड बसवायचं असतं. चुण्या नीट पडल्या तर माणूस चालताना झगा मागून डौलात येतो, बिघडल्या तर पोत्यासारखा लोंबतो. आणि काळ्यावर काळी शिलाई म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. टाका चुकला आणि उसवायला बसलं की सुई दिसते, दोरा दिसत नाही. माझे वडील बार्शीकडच्या आठवडी बाजारांत मशीन घेऊन बसायचे. हातानं काज करायला मी त्यांच्याजवळ शिकले. ती विद्या इथे येऊन न्यायाधीशांच्या उपयोगी पडेल असं त्यांना सांगितलं असतं तर ते हसून खाली पडले असते.

दुकानाचा मालक पोर्तुगालचा, नाव टोनी. मी मनातल्या मनात त्याला टोनीशेठ म्हणते. माझ्या हातून पहिला झगा पुरा झाला तेव्हा मी पर्समधली कुंकवाची डबी काढून कॉलरच्या आत बोट टेकवलं. नवीन कपड्याला आपण लावतोच. शिवाय तो संपूर्ण काळा! मानाच्या समारंभाला माणूस वरपासून खालपर्यंत काळं घालणार, हे मला कसंसंच वाटत होतं. टोनीशेठनं त्यावर इस्त्री फिरवली, वाफ लागली आणि कुंकू पांढऱ्या गळपट्टीवर उतरलं.

"ब्लड! मालान, व्हाय ब्लड?" तो एवढा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली.

मला काही समजावून सांगता येईना. तेव्हापासून मी कुंकू सोडलं आणि हळदीच्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका आतल्या बाजूला घालायला लागले. तो बाहेरून कुणाला दिसत नाही. या प्रांतातले कितीतरी न्यायाधीश माझी हळद लावून निकाल देतात, आणि त्यांना पत्ताही नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका न्यायाधीशांना आतून छोटा खिसा हवा होता, खोकल्याच्या गोळ्यांसाठी म्हणे. खिसा उसवला म्हणून झगा परत आला तेव्हा आत चॉकलेटचे कागद निघाले. आता पुष्कळ कोर्टं कॉम्प्युटरवर चालतात, तर एक तरुण वकील येऊन विचारतो, "मला फक्त वरचा अर्धा शिवून मिळेल का? खाली मी पायजमाच घालतो." टोनीशेठनं त्याला दाराकडे बोट दाखवलं. मी मात्र मशीनवर मान घालून इतकी हसले की टीप वाकडी गेली.

रूथमॅडम आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या नुकत्याच वकील झालेल्या होत्या. दुसऱ्या कुणाचा तरी जुना झगा घेऊन आल्या होत्या, तो त्यांच्या अंगाचा करून द्यायचा होता. बरोबर आई, मिस ऑलिव्ह. जमैकाहून आलेल्या, तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'मिस'च म्हणतात. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात त्यांनी जन्मभर चादरी धुतल्या आणि घड्या घातल्या. मी झगा दुरुस्त करून दिला, तर लेकीनं आरशात बघायच्या आधी आईनं तो उलटा केला आणि आतली शिलाई बघायला लागल्या. बोटानं टाका न् टाका चाचपला. मी घामाघूम. मग माझ्याकडे बघून एकच शब्द बोलल्या, "गुड." त्या बाईंकडून 'गुड' मिळणं म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. रूथमॅडम म्हणायच्या, "मी कायद्यात पहिली आले तेव्हाही आई एवढं बोलली नव्हती."

त्यानंतर मॅडम माझ्याकडेच यायच्या. मला इंग्रजी बोलायला जड, आणि तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, म्हणून मला माप घ्यायला आवडतं. पण त्या बोलायच्या आणि मी ऐकायचे. त्यांच्या पोटात बाळ होतं तेव्हा मी झग्याखालचं जाकीट सैल करून दिलं. पुढे ते परत आवळलं. झग्याचा उजवा कोपर आधी झिजायचा. मी खुणेनं विचारलं, तर म्हणाल्या, "समोरचा वकील बोलत असतो तेव्हा मी कोपर टेबलावर दाबून धरते. नाहीतर मी उठून उभीच राहीन!"

मग त्या न्यायाधीश झाल्या. खालच्या कोर्टाच्या. तिथे खांद्यावरून तिरका लाल पट्टा असतो. तो लावून आरशापुढे उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या गर्रकन फिरल्या. मला वाटलं, आता यांचं सगळं छान. पण पुढच्या खेपेला आल्या त्या गप्पगप्प. म्हणाल्या, "मालन, आता मला जुन्या मैत्रिणींबरोबर जेवायलासुद्धा विचार करून जावं लागतं. त्या सगळ्या वकील. उद्या त्यांच्यातलीच एखादी माझ्यासमोर उभी राहील. कामाबद्दल घरी बोलायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. न्यायाधीश झाल्यावर लोक माझ्या विनोदांना जास्त हसतात, आणि मला फोन कमी करतात."

एकदा दुपारी त्या झग्याचा काठ वर घ्यायला आल्या होत्या. पाटावर उभ्या राहिल्या. मी खाली बसून टाचण्या लावत होते. मधेच म्हणाल्या, "आज मी एका आईकडून तिचं बाळ काढून घेतलं. कायद्यानं बरोबर होतं. बाळासाठीही बरोबर होतं." मी वर बघितलं. त्या आरशात बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या. मला खूप काही बोलावंसं वाटलं. मराठीतसुद्धा काय बोलले असते कुणास ठाऊक. मी लावलेल्या टाचण्या काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतल्या, म्हणजे त्यांना आणखी थोडा वेळ तिथे नुसतं उभं राहता येईल. टोनीशेठ दोनदा डोकावून गेला. मॅडमना ते समजलं असावं. जाताना खांद्यावर हात ठेवून गेल्या. तेव्हा एखादा शब्द बोलायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

या वर्षी त्यांना फोन आला. प्रांताच्या सगळ्यात वरच्या कोर्टावर नेमणूक! दार उघडून आत आल्या त्या थेट माझ्या मशीनपाशी.

"मालन, नवा झगा! आणि तो आई घालणार!"

इथे अशी रीत आहे. नवा न्यायाधीश शपथ घेतो आणि भरल्या कोर्टात घरचं कुणीतरी त्याच्या अंगावर झगा चढवतं. मागे उभं राहून झगा उघडून धरायचा, न्यायाधीशानं हात घालायचे, की झालं. पण मिस ऑलिव्ह यांना पक्षाघात झालेला. उजवी बाजू गेलेली. चाकाच्या खुर्चीत बसून असतात, नजरही अधू. त्या मागे उभ्या राहणार कशा? मुख्य न्यायाधीश म्हणाले होते, आईंनी नुसता झग्याला हात लावावा, घालायचं काम दुसरं कुणी करील. ते ऐकून मिस ऑलिव्ह म्हणाल्या होत्या, "हात लावायला मी काय पाद्री आहे?"

"माझ्या बारशापासून प्रत्येक समारंभाचे कपडे आईनं मला घातलेत," मॅडम म्हणाल्या. "हाही तिलाच घालायचाय. काहीतरी कर."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी इथून जवळच्याच केंब्रिज गावातल्या कारखान्यात आयुष्यभर गाड्या जोडल्या. त्यामुळे प्रत्येक गोष्टीला ह्यांचा एकच उपाय. "सुटे भाग कर. तिथे नेऊन जोड."

मला ते पटलं. मी झगा खांद्यांवर उघडा ठेवला आणि शिलाईच्या जागी आतून टिचबटणं लावली. लेकीनं खाली बसायचं, आईनं पुढचा भाग टाकायचा, मागचा टाकायचा, आणि टिच टिच करून बंद करायचं. मॅडम मला त्यांच्या गाडीतून आईच्या वृद्धाश्रमात घेऊन गेल्या. न्यायाधीशाच्या शेजारच्या सीटवर मी अशी बसले होते जशी काही माझीच सुनावणी आहे.

मिस ऑलिव्ह यांनी टिचबटण दाबलं. एक, दोन. मग थांबल्या. झगा ओढून खाली टाकला.

"हा झगा नाही, पडदा आहे," त्या म्हणाल्या. बोलणं थोडं अडखळत होतं, पण धार तीच. "मी वेडी आहे म्हणून मला खेळणं दिलंय? खरा झगा शीव. नाही जमलं मला तर नाही जमलं."

"आई, मालननं इतकी मेहनत..."

"तू गप्प बस, पोरी. मी शिवणाऱ्या बाईशी बोलतेय."

मी झगा उचलला. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आतून गारही वाटलं. बाईंनी मला खोटं 'गुड' दिलं नव्हतं.

समारंभ जवळ आला होता आणि माझं डोकं चालेना. शनिवारी आम्ही मिल्टनला लेकीकडे गेलो. नातीला, ईराला, तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला न्यायचं होतं. बाहेर बर्फ. दारात मी तिला स्नोसूट चढवत होते. माझ्या उजव्या हातात तिचे हातमोजे, टोपी, सगळं.

"आई, कम ऑन, लवकर!" लेक गाडीतून ओरडली.

"आजी, डोंट पुल!" ईरा ओरडली.

मी नेहमीसारखा डावा हात बाहीच्या तोंडातून उलटा आत घातला, आतून तिचा हात पकडला आणि ओढला. बाही माझ्या हातावरून सरकून तिच्या हातावर गेली. आणि मी तशीच थांबले.

एका हातानं! जगातली प्रत्येक आई एका हातानंच मुलाला कपडे घालते, दुसऱ्या हातात मूल असतं, नाहीतर दुधाची बाटली असते. मिस ऑलिव्ह यांनी रूथला असंच घातलं असणार!

"आजी, व्हाय आर यू लाफिंग?"

"अगं, तू मला वाचवलंस," मी म्हटलं आणि तिचे इतके मुके घेतले की तिनं गाल पुसले.

सोमवारी टिचबटणं काढली. खांदे पक्के शिवले. वरच्या कोर्टाच्या झग्याची बाही मनगटाशी आवळती असते. ती मी सैल केली, सुजलेली बोटंसुद्धा आत जातील इतकी. बाहीला आतून रेशमी अस्तर लावलं, हात लोण्यासारखा सरकावा म्हणून. आणि अधू नजरेला काळ्यावर काळं कसं दिसणार? म्हणून माझा हळदीचा दोरा काढला. बाहीच्या तोंडाशी आतून उजवीला एक मोठा टाका, डावीला दोन. टोनीशेठनं चष्मा वर करून बघितलं. "यलो? ऑन अ जज?" मी म्हटलं, "येस." एवढंच. पण मी त्याला 'येस' म्हटलं!

सरावाला मॅडम आईच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसल्या. मिस ऑलिव्ह यांनी पिवळा टाका शोधला, हात आत घातला, लेकीचा हात पकडला. बाही गेली. मॅडम गुडघ्यांवरच वळल्या, दुसरी बाही गेली. बाईंनी झगा परत काढून घेतला आणि उलटा करून पिवळ्या टाक्यांवर बोट फिरवलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुड."

समारंभाला मला आणि ह्यांना आमंत्रण होतं. इतकी वर्षं कोर्टाचे कपडे शिवले, पण कोर्टाच्या आत मी कधी गेले नव्हते. मी जांभळी पैठणी नेसले, वर विंटर कोट. आम्ही अगदी शेवटच्या रांगेत बसलो. न्यायाधीश ओळीनं आत आले, आमच्याकडे पाठ करून पुढच्या रांगांत बसले, आणि मला हर्ष झाला. माप घेताना मी मान वर करत नाही, त्यामुळे चेहरे एकही आठवत नाहीत, पण पाठी सगळ्या ओळखीच्या! मी ह्यांच्या कानात सांगायला लागले, "ती वाकडी पाठ बघा, त्यांचा डावा खांदा खाली आहे, मी आत पट्टी घातलीये. ते चॉकलेटवाले. त्या चुण्या माझ्या. त्याही माझ्या."

"हळू," हे म्हणाले. "कोर्ट आहे. आत टाकतील."

मॅडमनी शपथ घेतली. मग खाली उतरून आल्या आणि भरल्या कोर्टात आईपुढे गुडघ्यांवर बसल्या. सगळीकडे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मिस ऑलिव्ह यांच्या मांडीवर झगा. त्यांनी चाचपत उजव्या बाहीचं तोंड शोधलं. हात आत. लेकीचा हात बाहेर! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मॅडम वळल्या. डावी बाही. हात आत गेला.

आणि अडकला.

बाई ओढत होत्या, पण बाही हलेना. शेवटच्या रांगेतूनही मला दिसलं, त्यांच्या मनगटावर काहीतरी चमकत होतं. सोन्याची साखळी. धुलाईखान्यातल्या मैत्रिणींनी निरोपाला दिलेली, असं मला मागाहून कळलं. सरावाच्या दिवशी ती नव्हती. आज मोठा दिवस म्हणून घातली होती, आणि तिचा आकडा माझ्या रेशमी अस्तरात रुतला होता. बाईंनी पुन्हा ओढून बघितलं. त्यांना वाटत होतं, आपल्यालाच जमत नाहीये. मुख्य न्यायाधीश मदतीला दोन पावलं पुढे आले. मॅडमनी मान हलवून त्यांना थांबवलं, पण स्वतःही काही करेनात. केलं असतं तर आईच्या हातचं राहिलं नसतं. बाई थांबल्या. हात मागे घ्यायला लागल्या.

मला कळत होतं काय झालंय. आणि तिथे कळणारी मी एकटीच होते. जोर लावला तर अस्तर फाटणार आणि हात मोकळा होणार, एवढंच! पण चांगला कपडा फाडायला मिस ऑलिव्ह यांचा हात मरेपर्यंत उठला नसता.

मी कधी उभी राहिले ते मला माहीत नाही.

"पुल, मिस ऑलिव्ह!" मी ओरडले. "लेट इट टेअर! इट्स ओन्ली लायनिंग! आय विल फिक्स!"

सगळ्या पाठी वळल्या. तेव्हा मी त्यांचे चेहरे पाहिले. ह्यांनी माझ्या कोटाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

मिस ऑलिव्ह यांनी मान आवाजाकडे केली. मग दात आवळून असा हिसका दिला की रेशीम फाटल्याचा आवाज साऱ्या कोर्टात घुमला, आणि लेकीचा हात आईच्या मुठीत धरलेला बाहीतून बाहेर आला! लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. चॉकलेटवाले न्यायाधीश रुमालानं डोळे पुसत होते. मी मटकन खाली बसले आणि तोंड पदरात लपवलं.

मॅडम वर आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. डाव्या बाहीतून अस्तराची चिंधी लोंबत होती. त्या म्हणाल्या, "या कोर्टातला माझा पहिला निर्णय. शेवटच्या रांगेतल्या बाईंचं म्हणणं मान्य."

घरी येताना ह्यांनी आधी गाडीचा हीटर लावला. मग म्हणाले, "तू ओरडलीस आणि न्यायाधीशांनी ऐकलं. आता घरात माझं काय खरं आहे?"

दोन दिवसांनी मॅडम दुकानात आल्या. दुपारी त्यांना कोर्टात बसायचं होतं, म्हणून मशीनशेजारी स्टुलावर बसून राहिल्या. मी बाही उलटी केली. काळ्या रिळाकडे हात गेला, पण मी तो मागे घेतला आणि हळदीचा दोरा सुईत ओवला. त्या बघत होत्या. मी सावकाश, बारीक टाक्यांनी रफू केलं.

झालं तेव्हा नेहमीसारखा झगा उघडून धरून मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्या मात्र माझ्याकडे तोंड करून वळल्या आणि डावा हात पुढे केला.

मला क्षणभर समजलंच नाही. मग मी बाहीच्या तोंडातून माझा हात आत घातला. इतकी वर्षं या बाईंची मापं घेतली, खांदे, छाती, मनगट, सगळं मला पाठ. पण हात कधी हातात घेतला नव्हता. बाहीच्या आत, अंधारात, तो मला सापडला. मी धरला आणि ओढला.